पहिल्या ओळीचा लिलाव : वेई त्सेशी प्रकरण आणि बायदू

२६ फेब्रुवारी २०१६ रोजी 'झिहू' या चिनी प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एका प्रश्नाखाली एक उत्तर आले. प्रश्न होता : माणसाच्या स्वभावातला सगळ्यांत मोठा दुष्टपणा कोणता, असे तुम्हाला वाटते? उत्तर लिहिणारा वेई त्सेशी हा शीआनच्या शिदियान विद्यापीठात कॉम्प्युटरचे शिक्षण घेणारा २१ वर्षांचा मुलगा. त्याने स्वतःच्या आजारपणाची हकिगत लिहिली. बायदू या चिनी सर्च इंजिनवर शोध घेतला, वरच्या ओळीत एक हॉस्पिटल दिसले, तिथे उपचार घेतले, घरचे दोन लाखांहून अधिक युआन गेले आणि कॅन्सर फुप्फुसांत पोचला. दीड महिन्याने, १२ एप्रिलला, तो गेला. त्याच खात्यावरून त्याच्या वडिलांनी ती बातमी कळवली आणि इतके दिवस विचारपूस करणाऱ्या अनोळखी माणसांचे आभार मानले.

पुढच्या महिनाभरात चीनचे सगळ्यांत मोठे सर्च इंजिन, निमलष्करी पोलीस दलाचे एक हॉस्पिटल, फूच्येन प्रांतातल्या एका गावातून उभा राहिलेला खासगी दवाखान्यांचा धंदा आणि देशाची आरोग्ययंत्रणा हे सगळे एकाच प्रश्नाला उत्तर देण्यासाठी उभे राहिले : आजारी माणूस शोधतो तेव्हा त्याला पहिले काय दाखवायचे, हे कोण ठरवते?

या प्रकरणाकडे 'बायदूने एका मुलाचा जीव घेतला' अशा मथळ्यातून पाहिले की संताप येतो, पण समज वाढत नाही. त्याला झालेला सायनोव्हियल सार्कोमा हा मऊ ऊतींचा दुर्मीळ आणि चिवट कॅन्सर आहे. तो पसरला की जगातल्या उत्तम हॉस्पिटलातही हाती फारसे काही उरत नाही. त्सेशी वाचलाच असता असे कोणी म्हणू शकत नाही. त्याच्याकडून जे हिरावले गेले ते वेगळे होते : वेळ, आईवडिलांची पुंजी आणि खरे काय ते जाणून घेण्याचा हक्क. ते कसे गेले, हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे.

मुलगा, आजार आणि ती पहिली ओळ

त्सेशी शान्शी प्रांतातल्या श्यानयांगचा, आईवडिलांचा एकुलता एक. विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असताना, एप्रिल २०१४ मध्ये निदान झाले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन सगळे सुरू झाले. आईवडील बीजिंग, शांघाय, थ्येन्चिन, ग्वांगचौ इथल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत रिपोर्ट घेऊन फिरले. जिथे जातील तिथे थोड्याफार फरकाने एकच उत्तर मिळाले : आशा फार कमी आहे.

हे उत्तर खरे होते. प्रामाणिक डॉक्टर इतकेच सांगू शकतो, आणि घरी परतलेल्या माणसाला नेमके तेच सोसत नाही. माझ्या घरात एकदा बायॉप्सीचा रिपोर्ट आला होता. त्या रात्री दोन वाजता मोबाइलवर मी जे शब्द टाइप केले ते आठवले की आजही पोटात कालवते. त्या शब्दांत प्रश्न नव्हताच, फक्त विनवणी होती. कोणीतरी 'होईल बरे' म्हणावे, एवढीच.

त्सेशीच्या घरी बायदूवर शोध घेतला गेला. वरच्या ओळीत आले बीजिंगच्या सशस्त्र पोलीस दलाचे क्रमांक दोनचे हॉस्पिटल. तिथला उपचार होता डीसी-सीआयके नावाची इम्युनोथेरपी : रुग्णाचे रक्त काढायचे, त्यातल्या रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, चेतवायच्या आणि पुन्हा शरीरात सोडायच्या. कल्पना ऐकायला पटणारी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सहकार्य असल्याचाही दावा होता. आईवडील आधी बीजिंगला जाऊन डॉक्टरांना भेटून आले. त्सेशीने लिहिले आहे की डॉक्टरांनी ८०-९० टक्के परिणामकारकता सांगितली, आणि २० वर्षे काढायला अडचण नाही असा भरवसा दिला. त्या डॉक्टरांचे नाव शोधले तर ते सरकारी टीव्हीवर झळकलेले.

एकूण चार वेळा हा उपचार झाला. नातेवाइकांकडून, मित्रांकडून पैसे घेतले गेले. काही महिन्यांतच गाठी फुप्फुसांत पोचल्याचे दिसले. मग तेच डॉक्टर म्हणाले की परिणाम हा संभाव्यतेचा भाग असतो, आम्ही कोणालाच खात्री दिलेली नव्हती. पुढे अमेरिकेत शिकणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याने त्सेशीला तिकडची माहिती शोधून दिली : हा प्रकार परिणाम दिसत नसल्याने तिथे चाचण्यांच्या टप्प्यातच मागे पडला होता, आणि हॉस्पिटले तो रुग्णांना देत नव्हती.

कॉम्प्युटर शिकणारा मुलगा होता तो. सर्च इंजिन कसे चालते हे सामान्य माणसापेक्षा त्याला जास्त कळत असणार. तरीही तो फसला. 'लोकांनी सावध राहायला हवे होते' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

उसनी पत

या कुटुंबाने डोळे मिटून विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी तीन ठिकाणी पडताळून पाहिले होते, आणि तिन्ही ठिकाणी खूण 'बरोबर'ची मिळाली. बायदूवर वरचे स्थान. हॉस्पिटल लष्करी शिस्तीच्या दलाचे, चिनी वर्गवारीतल्या सर्वोच्च 'तिसरी श्रेणी, अ दर्जा'चे. डॉक्टर सरकारी टीव्हीवर दिसलेले. यापेक्षा सामान्य माणूस आणखी काय तपासणार?

पण प्रत्येक खुणेमागे दुसऱ्याची उसनी पत होती. वरचे स्थान विकत घेतलेले होते. हॉस्पिटलची पाटी दलाची होती, पण आतला तो विभाग बाहेरच्या खासगी कंपनीच्या हातात होता. चीनमध्ये ही पद्धत १९९० च्या दशकापासून रुजलेली होती : सरकारी किंवा लष्करी हॉस्पिटल आपला एखादा विभाग ठेक्याने देई, ठेकेदार स्वतःची माणसे आणि उपकरणे आणी, कमाईतला वाटा देई, आणि दारावरची पाटी मूळ हॉस्पिटलचीच राही. रुग्णाच्या मनात ती पाटी म्हणजे सरकार. टीव्हीने पत घेतली हॉस्पिटलच्या नावावर, हॉस्पिटलने दलाच्या नावावर, आणि जाहिरातीने या सगळ्यांच्या नावावर.

यातला सर्वांत बोलका पुरावा बायदूनेच दिला. २८ एप्रिलच्या पहिल्या निवेदनात कंपनीने सांगितले की संबंधित हॉस्पिटल सार्वजनिक आहे, सर्वोच्च श्रेणीचे आहे आणि त्याची कागदपत्रे पूर्ण आहेत. यातले प्रत्येक वाक्य खरे होते. बायदूने कागद तपासले होते, कागद ठीक होते. त्या कागदांच्या आड काय चालले आहे हे पाहणे आपले काम आहे असे कंपनीला वाटत नव्हते, आणि तोवर कायद्यानेही तिला ते स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते.

लिलाव कसा चालतो

बायदूची स्थापना जानेवारी २००० मध्ये बीजिंगच्या चुंगक्वानत्सुन भागात रॉबिन ली (ली यानहोंग) आणि एरिक शू यांनी केली. ली पेकिंग विद्यापीठात आणि मग अमेरिकेत बफेलोला शिकलेले. १९९६ मध्ये त्यांनी 'रँकडेक्स' नावाची पद्धत तयार केली होती : एखाद्या पानाकडे किती आणि कोणते दुवे येतात यावरून त्याचे महत्त्व ठरवायचे. गूगलच्या प्रसिद्ध पद्धतीच्याही आधी मांडलेली ही कल्पना. कंपनीचे नाव सोंग काळातल्या एका कवितेच्या ओळीतून आले आहे, गर्दीत शेकडो वेळा कोणाला तरी शोधण्याची ओळ. म्हणजे सुरुवात खरोखरच शोधाची होती, आणि ली हे या विषयातले खरे जाणकार होते. हे मुद्दाम सांगतो, कारण बायदूला पहिल्या दिवसापासून ठगांची टोळी ठरवले तर पुढचे काहीच कळत नाही.

सुरुवातीला बायदू मोठ्या चिनी पोर्टलांना शोधाचे तंत्रज्ञान पुरवायची. त्यात पैसा बेताचाच. २००१ मध्ये लींनी स्वतःचे संकेतस्थळ आणि त्यावर बोली लावून स्थान विकण्याची पद्धत आणली. संचालक मंडळाला ती फारशी रुचली नव्हती, लींनी ती रेटून नेली. मूळ कल्पना अमेरिकेतल्या 'गोटू' या कंपनीची : जो एका क्लिकला जास्त पैसे देईल तो वर. ऑगस्ट २००५ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात २७ डॉलरला दिलेला बायदूचा शेअर पहिल्याच दिवशी १२२ डॉलरच्या वर बंद झाला, तो या लिलावाच्या जोरावर.

फुले, फर्निचर, विमानाची तिकिटे यांच्या बाबतीत या लिलावात फारसे वाईट काही नाही. आजारपणात मात्र तो उलटा चालतो, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

समजा दोन हॉस्पिटले एकाच शब्दावर बोली लावत आहेत. पहिले चांगले सार्वजनिक कॅन्सर हॉस्पिटल. त्याच्या खाटा आधीच भरलेल्या, दारात रांग, एका रुग्णामागे उरणारा पैसा थोडा. त्याला जाहिरातीची गरजच नाही. एका क्लिकला पाच युआन द्यायलाही तिथला हिशेबनीस का कू करेल. दुसरीकडे सिद्ध न झालेला, पण महागडा उपचार विकणारा विभाग. शंभर जणांनी क्लिक केले आणि त्यांतला एक जण दाखल झाला, तरी त्या एकाकडून दोन लाख युआन मिळणार. तो एका क्लिकला पाचशे युआन देईल आणि तरी दीड लाख खिशात घालेल. बोली कोण जिंकणार? ज्याच्या उपचारात रुग्णाच्या खिशातून सगळ्यांत जास्त काढता येते तो. या लिलावाला खरे-खोटे कळत नाही. पण त्याच्या गणिताचा कल ठरलेला आहे, आणि तो रुग्णाच्या विरुद्ध आहे. आणि त्या क्लिकचे भाडे शेवटी भरतो कोण? दाखल झालेला रुग्ण.

बायदूच्या पद्धतीत फक्त बोलीच मोजली जात होती असे नाही, जाहिरातीचा दर्जाही काही प्रमाणात धरला जाई. पण तो 'दर्जा' म्हणजे प्रामुख्याने लोक तिच्यावर किती क्लिक करतात. भेदरलेला माणूस 'नव्वद टक्के बरे होतात' यावर क्लिक करणार, की 'आशा कमी आहे' यावर? म्हणजे दर्जाची मोजपट्टीही त्याच बाजूला झुकलेली.

शिवाय २०१० मध्ये गूगलने चीनच्या मुख्य भूमीवरची आपली शोधसेवा बंद करून वापरकर्त्यांना हाँगकाँगच्या पानाकडे वळवले. चिनी सरकारच्या सेन्सॉरशिपवरून झालेल्या त्या वादाचे एक फळ हे की सामान्य चिनी माणसाकडे ताडून पाहायला दुसरी मोठी खिडकी उरली नाही. त्सेशीला सत्य कळले ते परदेशातल्या मुलाने गूगलवर शोधून दिल्यावर. ही गोष्ट चिनी वाचकांना किती झोंबली असेल याची कल्पना करता येते.

विजेच्या खांबापासून सर्चपर्यंत

त्या हॉस्पिटलमागे ज्या ठेकेदारी धंद्याची सावली दिसली त्याला चीनमध्ये 'पुतियान घराणे' म्हणतात. फूच्येन प्रांतात पुतियान शहर, त्याखाली दुंगच्वांग नावाचे गाव. १९८० च्या दशकात इथली माणसे खरूज आणि त्वचारोगांवरचे घरगुती मलम घेऊन देशभर फिरू लागली. स्वस्त लॉजची खोली घ्यायची, विजेच्या खांबांवर पत्रके चिकटवायची, गुप्तरोगांवर हमखास इलाज सांगायचा. मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेली तशी पत्रके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मग पैसा आला, सरकारी हॉस्पिटलांचे विभाग ठेक्याने घेतले गेले, आणि पुढे स्वतःची हॉस्पिटले उभी राहिली. चीनमधल्या खासगी हॉस्पिटलांपैकी बहुसंख्य या मंडळींशी जोडलेली आहेत असे तिथे सर्रास सांगितले जाते.

खांबावरचे पत्रक आणि सर्चमधली ओळ यांत फरक एकच. खांबाला कोणी ज्ञानाचे घर मानत नाही. सर्चला मानतात.

या धंद्याचे आणि बायदूचे नाते किती घट्ट होते याचा आकडा पुतियानच्या पक्षसचिवांनीच जाहीरपणे सांगितला : २०१३ मधल्या बायदूच्या सुमारे २६ अब्ज युआनच्या जाहिरात-उत्पन्नात १२ अब्ज पुतियानच्या खासगी हॉस्पिटलांचे होते. आकड्यावर वाद घालता येईल, पण सत्ताधारी पक्षाचा स्थानिक प्रमुख तो सभेत बोलून दाखवतो, यावरून व्याप्ती कळते. एप्रिल २०१५ मध्ये पुतियानच्या व्यापारी संघटनेने सदस्यांना बायदूवरच्या बोली थांबवायला सांगितले. तक्रार अशी की बोली इतक्या चढल्या आहेत की आम्ही बायदूसाठीच राबतो. बायदूचे म्हणणे की आम्ही खोट्या जाहिराती गाळतो आहोत म्हणून यांना राग आला. दोघांच्या या भांडणात रुग्णाचा कैवार कोणाकडेच नव्हता.

आधी वाजलेल्या घंटा

त्सेशीचे प्रकरण आकाशातून पडले नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये सरकारी टीव्हीने बायदूवरच्या परवाना नसलेल्या वैद्यकीय जाहिराती उघड केल्या होत्या. शेअर कोसळला, कंपनीने माफी मागितली, जाहिराती काढल्या, आणि हळूहळू त्या परत आल्या.

जानेवारी २०१६ मधली गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. बायदूचे 'थ्येबा' नावाचे चर्चामंच आहेत. त्यात हिमोफिलियाच्या रुग्णांचा एक मंच होता. रक्त गोठत नसलेली माणसे आणि त्यांचे आईबाप तिथे एकमेकांना सांभाळत, कुठल्या गावात कोणते औषध मिळते ते सांगत, बोगस डॉक्टरांपासून सावध करत. बायदूने त्या मंचाचे व्यवस्थापन एका व्यापारी पक्षाला दिले. जुने स्वयंसेवक नियंत्रक हटवले गेले. ओरड झाल्यावर १२ जानेवारीला कंपनीने आजारांच्या सर्व मंचांवरची व्यापारी भागीदारी थांबवत असल्याचे जाहीर केले.

मंच म्हणजे रुग्णांनी स्वतः बांधलेला पार. तोही भाड्याने गेला. तेव्हाच कोणीतरी विचारायला हवे होते की मंचांवर थांबवलेली गोष्ट सर्चमध्ये का चालू ठेवायची. ते विचारले गेले त्सेशीच्या मृत्यूनंतर.

एप्रिल अखेर ते ९ मे

एप्रिलच्या शेवटी एका पत्रकाराने 'वेइबो' या चिनी समाजमाध्यमावर त्सेशीचे ते उत्तर पुढे आणले आणि प्रकरण पेटले. बायदूचे पहिले निवेदन वर आलेच आहे, त्याने आग आणखी भडकली. २ मे रोजी राष्ट्रीय इंटरनेट प्रशासनाने उद्योग-वाणिज्य प्रशासन आणि आरोग्य आयोगासह तपास पथक बायदूत पाठवत असल्याचे सांगितले. त्या दिवशी नॅसडॅकवर बायदूचा शेअर सुमारे ८ टक्के घसरला. हॉस्पिटलसाठी आरोग्य आयोग, लष्कराचा आरोग्य विभाग आणि सशस्त्र पोलीस दलाचे वेगळे पथक नेमले गेले. ४ मेपासून हॉस्पिटलने रुग्ण घेणे थांबवले.

९ मे रोजी निष्कर्ष जाहीर झाले. हॉस्पिटलने बाहेरच्या कंपनीशी नियमबाह्य भागीदारी केली, खोटी माहिती आणि जाहिराती दिल्या, रुग्णांची दिशाभूल केली. भागीदारी तोडण्याचे आदेश निघाले आणि संबंधितांवर कारवाई सुरू झाली. बायदूबद्दलचा निष्कर्ष जपून शब्द वापरणारा, तरी नेमका होता : शोधनिकालांतल्या बोलीच्या पद्धतीचा त्सेशीच्या निवडीवर प्रत्यक्ष परिणाम झाला, क्रमवारीत पैशाचे वजन फार, जाहिरातीची खूण पुरेशी स्पष्ट नाही.

कंपनीला ३१ मेपर्यंत मुदत मिळाली. वैद्यकीय जाहिरातींची सफाई करा. फक्त पैशावर क्रम लावणे बंद करा, विश्वासार्हतेला मुख्य वजन द्या. एका पानावर व्यापारी ओळी ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. ठळक खूण आणि धोक्याची सूचना द्या. फसलेल्या वापरकर्त्याला आधी भरपाई द्या. बायदूने हे मान्य केले, १ अब्ज युआनचा भरपाई निधी जाहीर केला आणि २,५१८ वैद्यकीय संस्था व १२ कोटी ६० लाख जाहिरात-नोंदी काढल्याचे सांगितले.

या शेवटच्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. सव्वाबारा कोटींहून अधिक नोंदी काही दिवसांत काढता आल्या. म्हणजे यंत्राला त्या ओळखता येत होत्या. काढण्याची क्षमता आधीही होती. नव्हती ती इच्छा, आणि इच्छा का नव्हती याचे उत्तर पुढच्या तिमाहीच्या हिशेबात आहे.

१० मे रोजी ली यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिले. वापरकर्त्यांचा आधार आणि मूल्यांवरची पकड गेली तर बायदू दिवाळखोरीपासून फक्त ३० दिवस दूर आहे, असे त्यात म्हटले होते. तिमाहीच्या कामगिरीच्या दडपणाखाली आपण काय करू लागलो, हेही त्यांनी कबूल केले. हे पत्र मी मनापासूनचे मानतो. त्याच वेळी २००८ आठवतो, आणि पत्र व पद्धत यांतले अंतर दिसते.

हिशेब

जूनमध्ये बायदूने दुसऱ्या तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज २० अब्ज युआनच्या वरून सुमारे १८ अब्जांवर आणला. त्या तिमाहीचा निव्वळ नफा आदल्या वर्षीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घसरला. तिसऱ्या तिमाहीत उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा किंचित कमी भरले. २००५ च्या नोंदणीनंतर असे प्रथमच घडले.

थोडी शिस्त लावताच इतका पैसा गेला, यावरून कळते की उत्पन्नाचा किती मोठा भाग त्या भेदरलेल्या शोधांवर उभा होता. 'सुधारणा का झाली नाही' हा प्रश्न व्यवस्थापनाच्या वर्गात विचारला जातो तेव्हा संस्कृती, नेतृत्व, मूल्ये असे शब्द येतात. माझ्या मते आधी ताळेबंद वाचावा. दर तिमाहीला वाढ दाखवायची असेल तर सगळ्यांत जास्त बोली लावणारे ग्राहक कोणी सहजासहजी सोडत नाही.

आणि हा दोष फक्त चिनी मातीचा नाही. ऑगस्ट २०११ मध्ये गूगलने अमेरिकी न्याय विभागाला ५० कोटी डॉलर दिले होते, कॅनडातल्या औषध दुकानांच्या बेकायदा जाहिराती चालू दिल्याबद्दल. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच गूगलने सिद्ध न झालेल्या स्टेम सेल आणि पेशी-उपचारांच्या जाहिरातींवर बंदी घातली. म्हणजे त्सेशीला विकला गेला त्याच जातीचा माल तोवर तिथेही जाहिरात देऊन विकता येत होता. चीनमध्ये भर पडली ती एकाच खिडकीची आणि ठेक्याच्या विभागांची. आपल्याकडे कॅन्सरवरच्या इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. तो कायदा छापील पत्रके आणि वर्तमानपत्रे डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला.

दोन अक्षरे

चीनमध्येही कायदा होता. १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झालेल्या सुधारित जाहिरात कायद्यानुसार वैद्यकीय जाहिरातीत परिणामाची हमी देता येत नाही आणि मजकुराला आधी मंजुरी लागते. मग अडले कुठे? एका शब्दापाशी. पैसे घेऊन दाखवलेली शोधओळ ही 'जाहिरात' आहे की 'माहितीची सेवा'? सर्च कंपन्या वर्षानुवर्षे म्हणत की ही माहितीची सेवा आहे, आणि न्यायालयांचे निकालही दोन्ही बाजूंनी जात. ओळ जाहिरात नसेल तर जाहिरात कायदा तिला शिवत नाही. एवढ्याशा फटीतून कोट्यवधी ओळी आत आल्या.

बायदूच्या पानावर त्या ओळींखाली बारीक, फिकट अक्षरांत लिहिलेले असे : 'थुइग्वांग', म्हणजे प्रसार. जाहिरातीसाठी चिनी भाषेत सरळ शब्द आहे, 'ग्वांगकाव'. रस्त्यावरच्या फलकाला, वर्तमानपत्रातल्या चौकटीला सगळे हाच शब्द वापरतात. तो शब्द टाळला गेला होता. मे २०१६ च्या आदेशानंतर 'प्रसार'च्या जागी 'व्यापारी प्रसार' आले.

२५ जूनला इंटरनेट प्रशासनाने शोधसेवांचे नियम जाहीर केले, ते १ ऑगस्टपासून लागू झाले : पैसे घेतलेल्या ओळी वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत, ग्राहकाची पात्रता तपासली पाहिजे. ४ जुलैला उद्योग-वाणिज्य प्रशासनाने इंटरनेट जाहिरातींचे नियम काढले. त्यात पैसे घेऊन दाखवलेला शोधनिकाल म्हणजे जाहिरातच, असे स्पष्ट लिहिले गेले. पेशींच्या उपचारांबाबत आरोग्य आयोगाने बजावले की ते संशोधनापुरतेच ठेवायचे, रुग्णाला विकायचे नाहीत. लष्करी हॉस्पिटलांचे विभाग ठेक्याने देणेही पुढच्या तीनेक वर्षांत बंद होत गेले. तो निर्णय मात्र लष्कराच्या सगळ्याच सशुल्क सेवा थांबवण्याचा होता आणि मार्चमध्येच झालेला होता. त्याचे श्रेय या प्रकरणाला देता येणार नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बायदूने आपला वैद्यकीय व्यवसायाचा विभाग मोडून टाकला.

पण २०१८ मध्ये शांघायमधल्या एका बाईने नावाजलेल्या विद्यापीठ-हॉस्पिटलाचा शोध घेतला, तेव्हा तिला सारख्या नावाच्या एका खासगी हॉस्पिटलाची ओळ वर दिसली आणि ती तिथे पोचली. खूण होती, शब्दही बरोबर होता. घाबरलेल्या माणसाची नजर तिथवर गेली नाही.

जाहिरातींचे ते नियम १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाले. त्या दिवसापासून बायदूच्या पानावर त्या ओळींखाली 'ग्वांगकाव' असे दिसू लागले. चिनी लिपीत ती दोन अक्षरे आहेत. त्सेशीच्या घरी शोध घेतला गेला त्याला तोवर सुमारे दोन वर्षे झाली होती, आणि त्याला जाऊन साडेचार महिने.